समोरच्या बाजूचे सर

सरांच्या वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणायचं नसे. सर नाव पुकारायचे आणि आपण त्या आठवड्यात काय नाकारलं ते सांगायचं. ‘एका दलालाने आणलेली केस नाकारली.’ ‘कागदावर मागची तारीख घालायला नाही म्हटलं.’ काहीच नाकारलं नसेल तर ‘काही नाही’ म्हणायचं, आणि सर वहीत त्या नावापुढे पूज्य काढायचे. एका पंजाबी वकिलाने एकदा सांगितलं, ‘सर, आज मैंने समोसा मना किया.’ सगळे खो खो हसले. सरांनी अगदी गंभीरपणे विचारलं, ‘कौन खिला रहा था?’ तो म्हणाला, ‘सामने वाली पार्टी.’ सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

हा वर्ग काही कॉलेजातल्या पोरांचा नव्हता, बरं का. वीस-वीस वर्षं कोर्टात घासलेले वकील तिथे यायचे. दर शनिवारी दुपारी चारला, दिल्लीच्या पहाडगंजातल्या मराठी शाळेत, चौथीच्या वर्गात. विषय एकच, वकिलाने वागावं कसं. फी नाही, परीक्षा नाही, सक्ती तर कुणाचीच नाही. काळ्या कोटातली, पोट सुटलेली माणसं चौथीच्या बाकांवर अंग चोरून बसत आणि भिंतीवरच्या पाढ्यांच्या तक्त्याकडे बघत सरांची बोलणी खात. मी त्याच शाळेत शिकलेली, त्यामुळे मला निदान बाक तरी ओळखीचा होता. वर्ग हिंदीत चाले. सर चिडले की मात्र थेट मराठीवर येत, आणि मग सगळे माझ्याकडे वळून विचारत, ‘क्या बोले, यार?’ मी निम्मंच सांगायचे.

सरांचं नाव सांगत नाही. छापायचं असेल तर आधी लेखी परवानगी आण, म्हणाले असते. उंच, किडकिडीत, कोपरांवर चकाकणारा काळा कोट. मे महिन्यातसुद्धा तो अंगावरून उतरत नसे. फायली साडीच्या दुकानातल्या कापडी पिशवीत. अशिलाच्या गाडीत कधी बसले नाहीत. अशील एसी गाडीतून पुढे जायचा आणि सर बसने मागून, घामाने निथळत, पण वेळेआधी पोहोचलेले. कसं जमवायचे देव जाणे.

नवी केस आली की सर अशिलाला घरी बोलवायचे आणि पहिला तासभर केसबद्दल अक्षर काढू द्यायचे नाहीत. भावंडं किती, शाळा कुठली, चहात साखर किती. करोल बागेतला एक सोन्याचा व्यापारी चिडून उठलाच. ‘वकील साहब, मैं रिश्ता लेके नहीं आया!’ सर म्हणाले, ‘रिश्ता ही है जी. जँच नहीं रहा, तो चलो, नमस्ते.’ कागदापेक्षा माणूस आधी, हे त्यांचं वेड होतं. त्यातूनच वर्गातला तो प्रकार निघाला, ज्याला आम्ही सगळे टरकून असायचो. दर शनिवारी एकाने उभं राहून आपल्या चालू अशिलाचं वर्णन करायचं. केसचं नव्हे, अशिलाचं. तो कसा दिसतो, कसा बसतो, घाबरला की काय करतो. सर मध्येमध्ये प्रश्न टाकायचे आणि पाच मिनिटांत कळायचं की हा माणूस अशिलाला भेटलाय की नुसता त्याच्या फायलीला.

एकाने एकदा धीर करून सर्टिफिकेट मागितलं. चेंबरमध्ये फ्रेम करून लावीन म्हणाला. सर म्हणाले, ‘अच्छा? कल को तू कोई उलटा काम करेगा, और वो दीवार पे टंगा रहेगा. नीचे मेरा साइन!’ पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

ते दिवस तसे सर्टिफिकेटांचेच होते म्हणा. बाजार नुकता खुला झालेला. गुडगावात शेतांच्या मधोमध काचेच्या इमारती उगवत होत्या आणि तिथल्या वकिलांच्या ऑफिसांत आमच्या ओळखीची पोरं टाय लावून जायला लागली होती. अशाच एका ऑफिसाने सरांना बोलावलं. व्यावसायिक नीतिमत्तेवर अर्धा तास, नंतर जेवण. गाडी पाठवतो म्हणाले, ती अर्थातच नको. सर दोन बसा बदलून, शेवटचा दीड मैल म्हशींच्या बाजूने चालत गेले. तिथे जाऊन आपला ठरलेला प्रश्न विचारला, तुमच्या अशिलाचं वर्णन करा. एक मुलगी उठून म्हणाली, ‘सर, आमची क्लायंट कंपनी आहे. तिला चेहरा नसतो.’ सर विचारात पडले. मग म्हणाले, ‘इसका जवाब मुझे नहीं आता. सोच के बताऊँगा.’ आणि जेवण न घेता निघून आले. शनिवारी त्यांनीच आम्हाला सांगितलं, ‘गुडगावात नापास होऊन आलो.’ मग दोन महिने विचार करून त्या मुलीला पोस्टकार्ड टाकलं. तुझी कंपनी खोटं बोलली तर ज्याचं नुकसान होईल, त्याचं वर्णन कर. तिचं उत्तर आलं नाही. सरांना त्याचं काही वाटलं नाही. उत्तर द्यायचं होतं, ते दिलं.

आता माझं सांगते. सांगायला मला आवडत नाही, पण त्याशिवाय सर पुरे कळायचे नाहीत.

कोर्टात तेव्हा एक पद्धत होती. दोन्ही बाजू राजी असल्या की सगळं काम एकच वकील करायचा. पण कागदावर वकील दोन दिसायला हवेत. मग तो शेजारच्या चेंबरमधल्या कुणालातरी सांगायचा, बाबा, समोरच्या बाजूने तू उभा राहा. आज मी तुझ्यासाठी, उद्या तू माझ्यासाठी. मी कितीतरी वेळा राहिले होते, माझ्यासाठी लोक राहिले होते. ह्यात काही खोटं आहे हे आमच्या डोक्यातही नव्हतं. वाढदिवसाला एकमेकांकडे जावं, तसं ते होतं.

शेजारच्या चेंबरचे सीनियर एक दिवस म्हणाले, ‘बेटा, फॉर्मॅलिटी है. भाई-बहन का समझौता है, दोनों राज़ी हैं. तू बहन की तरफ़ से खड़ी हो जा.’ करोल बागेतलं वडिलांचं घर, बहीण आपला हक्क भावाला सोडून देते, असं ते प्रकरण. बहिणीची सही असलेला वकालतनामा तयारच होता. तिने मला वकील नेमल्याचा तो कागद. त्याखाली मी माझी सही ठोकली. जज्जांनी विचारलं, ‘बहन को मंज़ूर है?’ मी म्हटलं, ‘बिल्कुल, जनाब.’ झालं. घर भावाचं झालं. मी कँटीनमध्ये जाऊन राजमा-चावल खाल्ला.

पुढच्याच महिन्यात वर्गात वर्णन करायची पाळी माझ्यावर आली. मी मनाशी म्हटलं, संपलेली केस घ्यावी, बिनडोकेदुखीची. उभी राहिले आणि त्या बहिणीचं वर्णन सुरू केलं.

‘वय?’ सरांनी विचारलं.

‘पन्नाशी.’

‘चष्मा?’

‘आहे.’

‘काड्या कसल्या?’

‘काळ्या. जाड.’ माझं मलाच कौतुक वाटलं.

‘भावाचं नाव निघालं की चेहरा कसा होतो?’

चष्मा घालता येतो हो कुणालाही. पण भावाचं नाव ऐकून चेहरा कसा होतो, हे मी कुठून आणू? सरांनी वही मिटली आणि मराठीत म्हणाले, ‘भेटून ये.’ शेजारच्याने विचारलं, ‘क्या बोले?’ मी काहीच सांगितलं नाही.

वकालतनाम्यावरचा पत्ता मुनिरकाचा होता. तिसऱ्या मजल्यावर भाड्याची एक खोली. आत एक बाई विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करत होती. वय फार तर चाळीस. चष्मा नाही. ‘बैठिए, पेज ख़त्म कर लूँ,’ म्हणाली आणि पान पुरं करूनच माझ्याकडे वळली.

‘मैं आपकी वकील हूँ,’ मी म्हटलं.

ती हसली. ‘मेरी? मेरा तो कोई केस ही नहीं है.’

मी घराचा विषय काढला तर तिचा चेहरा खुलला. भैया घर पाडून नवे मजले बांधतोय. वरचा मजला तिला देणार आहे. विजेच्या मीटरसाठी तिच्या सह्यासुद्धा घेऊन गेला. ह्या खोलीत नऊ वर्षं झाली, आता उन्हाळ्यात तिकडे जायचं. तिने मला चहा दिला. मी तो प्यायले आणि एक शब्द न बोलता जिना उतरले. आजही स्वतःची सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते विचाराल, तर त्या सहीची नाही, त्या चहाची.

तिथून मी तडक सरांच्या घरी गेले. शाळेपासून दोन गल्ल्यांवर राहायचे. एकटेच. मटार सोलत बसले होते. मी दारातूनच सुरू केलं, ‘सर, एक भयंकर घोळ झालाय...’

‘थांब,’ सर म्हणाले. ‘आधी हे सांग, मी तुझा कोण?’

‘म्हणजे?’

‘मला तुझा वकील कर. मग तू जे सांगशील ते माझ्या पोटात राहील. तुझी सनद वाचवायला मी जिवाचं रान करीन. पण मग त्या बाईसाठी मला बोटसुद्धा हलवता येणार नाही. वकील करणार नसशील, तर जे सांगशील ते घेऊन मी उद्या तिच्याकडे जाणार. ती हो म्हणाली तर तिचा वकील होणार. तुझ्याविरुद्ध.’

‘सर, मी तुमची विद्यार्थिनी आहे!’

‘ते तिसरं. त्याचा इथे काही उपयोग नाही. मटार सोल, तोवर ठरव.’

मला इतका राग आला होता म्हणून सांगू! तीन वर्षं मी ह्या माणसाचा वर्ग चुकवला नव्हता, आणि हा मला मटार सोलायला सांगतोय. सनद गेली असती तर मी काय करणार होते? वडील गेल्यापासून घर माझ्यावर चाललं होतं. जमनापारच्या, म्हणजे यमुनेपलीकडच्या, नव्या सोसायटीत आई आणि मी नुकत्याच राहायला गेलो होतो. सरांना वकील केलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. बिल्डर आला असता, घर पडलं असतं. आणि ती बाई उन्हाळ्यात सामान बांधून भावाच्या फोनची वाट बघत बसली असती. ते मला दिसायला लागलं आणि जाईना.

‘तुम्ही माझे वकील नाही,’ मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. सरांनी मान वर केली नाही. शेवटी एवढंच म्हणाले, ‘केस संपेपर्यंत माझ्याशी बोलू नकोस. वर्गाला येऊ नकोस. स्वतःसाठी वकील बघ.’

दुसऱ्या दिवशी मी मुनिरकाला जाऊन त्या बाईला सगळं माझ्या तोंडाने सांगितलं. तिने मला जायला सांगितलं. संध्याकाळी सर गेले. आपल्या शिष्येनेच हे केलंय, म्हणून दुसरा वकील करायचा तर जरूर करा, हे त्यांनी आधी स्पष्ट केलं. ती म्हणाली, ‘जो अपने ही स्टूडेंट के ख़िलाफ़ खड़ा होने आया है, वही ठीक है.’

त्यानंतर सरांनी मला वाळीत टाकलं. बसमध्ये मी चढले की ते उतरायचे. मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसाद वाटायला तेच उभे होते. माझा मोदक माझ्या हातात न देता त्यांनी टेबलावर ठेवला आणि दुसरीकडे बघायला लागले. आईला फार लागलं. ‘वीस वर्षांची ओळख आहे आमची,’ ती म्हणाली, ‘असं केलंस तरी काय गं?’ तिला तोवर मी निम्मंच सांगितलं होतं.

समझौता रद्द करायला सरांनी तिच्या वतीने अर्ज केला, त्यात माझी साक्ष झाली. समोरचा वकील उठून म्हणणार, की ही ह्यांचीच चेली, दोघांनी मिळून कुभांड रचलंय, हे सरांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी स्वतःच आधी काढलं. आयुष्यात पहिल्यांदा मला ‘आप’ म्हणाले.

‘आप मेरी क्लास में कितने साल आईं?’

‘तीन साल.’

‘मैं वहाँ क्या सिखाता हूँ?’

‘मुवक्किल से मिले बिना साइन मत करो.’

‘और ये साइन आपने कब किया?’

‘तीसरे साल में.’

‘मतलब मेरे सिखाने का कोई असर नहीं हुआ.’

जज्ज म्हणाले, ‘वकील साहब, ये सवाल है?’

‘नहीं जनाब,’ सर म्हणाले, ‘ये क़बूलनामा है. मेरा.’

कोर्टात कुणीतरी हसलं. मी नाही हसले. तो समझौता रद्द झाला, बिल्डरचं काम थांबलं आणि पुढे वर्षभराने त्या घरात तिचा हिस्सा तिला मिळाला. कोर्टाबाहेर ती माझ्यापाशी आली. ‘आपने सच बोला, शुक्रिया,’ म्हणाली. ‘पर मेरी तरफ़ से आपने ‘बिल्कुल’ कैसे बोल दिया?’

माझी बार कौन्सिलकडे तक्रार करायची की नाही हे सरांनी तिच्यावर सोडलं होतं. तिने केली. स्वतः टाइप केली. माझ्या हातात प्रत आली तेव्हा शोधून एक चूक सापडली नाही. शेजारच्या सीनियरांचं प्रकरण वेगळं चाललं. त्यांनाही चांगलंच भोवलं. माझं शिस्तपालन समितीपुढे आलं. माझ्या वकिलाने आईचं सांगितलं, तरुण वय सांगितलं, सगळेच असं करतात हे सांगितलं. मग सर उठले.

सरांचा तसा युक्तिवाद मी आधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. आवाज चढवला नाही. मी अप्रामाणिक आहे असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले, ही हुशार आहे, मनाने चांगली आहे, हिने स्वतःहून सत्य सांगितलं. आणि एवढं सगळं असून एका बाईचं घर हिने दोन शब्दांत दुसऱ्याला देऊन टाकलं. वाईट वकिलाला सोडलंत तर एकच वाईट वकील सुटेल. हिला सोडलंत तर सगळे चांगले वकील हेच करत राहतील. माझ्या वकिलाने माझ्या बाजूने जे-जे मांडलं होतं, ते सरांनी एकेक करून खोडून काढलं. मी बसून ऐकत होते आणि वकील म्हणून मला कळत होतं की हे बिनतोड आहे.

त्याच दिवशी निर्णय सांगितला. एक वर्ष सनद निलंबित.

मी बाहेर आले तर सर जिन्यापाशी उभे होते. पिशवी छातीशी धरलेली. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत म्हणाले, ‘खरं सांग. कुठे हात आखडला का माझा?’

‘नाही, सर.’

‘तुझ्याबद्दलची माया आड आली असेल तर ते त्या बाईशी बेइमानी होईल. रात्रभर त्याचीच धास्ती होती. कुठे कमी पडलो?’

‘कुठेच नाही, सर. काहीच शिल्लक ठेवलं नाहीत.’

‘नक्की?’

‘नक्की.’

सरांनी मान हलवली. मग खाली पायरीवर बसले आणि रडायला लागले. हळू नाही, चांगले हमसाहमशी, येणारे-जाणारे वकील थांबून बघतील असे. माझेही डोळे भरून आले. मी शेजारी बसले आणि पर्समधला रुमाल पुढे केला. सरांनी हात लांब केला, रुमालाला बोटं लागली आणि एकदम मागे घेतली.

‘अपिलाला साठ दिवस आहेत,’ नाक ओढत म्हणाले. ‘केस संपलेली नाही.’ आणि कोटाच्या बाहीला डोळे पुसून उठले.

‘सर, मी अपील करणार नाही.’

‘मला सांगू नकोस. मी समोरच्या बाजूचा आहे,’ असं म्हणून खाली उतरून गेले.

मी अपील केलं नाही. साठ दिवस ना फोन, ना चिठ्ठी. एकसष्टाव्या दिवशी पहाटे, पुरतं उजाडायच्या आत, दाराची बेल वाजली. आई दचकून उठली. मी दार उघडलं तर सर. कोट चुरगळलेला, डोळे लाल.

‘मुदत रात्री बाराला संपली,’ सर म्हणाले. ‘पण त्या वेळेला बस मिळत नाही गं.’